वाळवीचं पेस्ट कंट्रोल: भोकं मोजा, लिटर मोजा

दाराच्या चौकटीला लागून पेन्सिलीच्या जाडीची मातीची रेघ वर चढलेली दिसली की बहुतेक घरांत आधी झाडू किंवा ओलं फडकं पुढे येतं आणि रेघ पुसली जाते. ती पुसू नका. वाळवी कुठून येते, कुठे जाते आणि आत्ता चालू आहे की नाही, हे सांगणारा घरातला सर्वांत चांगला पुरावा ती रेघ असते. पेस्ट कंट्रोलवाला येऊन बघेपर्यंत ती तशीच राहू द्या.

आधी खात्री करा, ही वाळवीच आहे का

त्या मातीच्या नळीचा मधला दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं हलकेच फोडा आणि टॉर्च लावून बघा. आत पांढुरके, तांदळाच्या कणीएवढे किडे पळताना दिसले तर नळी चालू आहे. काही दिसलं नाही तर फोडलेल्या जागेशेजारी पेन्सिलीनं तारीख लिहून ठेवा. दोन दिवसांत ती फट ओल्या मातीनं बुजली, तरीही चालूच. आठवडाभर उघडी राहिली तर ती वाट वाळवीनं सोडलेली असू शकते, पण ती दुसऱ्या बाजूनं वर आली असेल का ते बघावंच लागतं.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी दिव्याभोवती पाखरं जमतात आणि सकाळी फरशीवर पंखांचा सडा पडतो. मुंग्यांनाही पंख फुटतात, त्यामुळे घाबरण्याआधी एक पाखरू उचलून पाहा. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतील तर वाळवी. पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतील तर मुंगी. बाहेरून उडत आलेली पाखरं ही मोठी चिंता नाही. ती घराच्याच भिंतीतून, चौकटीच्या फटीतून किंवा स्कर्टिंगमागून निघत असतील तर वसाहत घराखाली किंवा घरातच आहे असं समजा.

फर्निचरखाली भुसा पडत असेल तर मामला वेगळा असू शकतो. पिठासारखा मऊ भुसा आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, हे लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचं काम. खसखशीसारखे कोरडे, कडक दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी, जिचा जमिनीशी संबंधच नसतो. या दोन्हींसाठी फरशीला एकही भोक मारायची गरज नाही, उपचार फक्त त्या लाकडावर करायचा. हा फरक न बघता सरसकट घरभर ड्रिल मारायला निघालेल्या माणसाला परत पाठवा.

औषध लाकडाला नाही, मातीला

आपल्याकडे घरांना लागणारी वाळवी बहुतांशी जमिनीतली. राणी, पिल्लं आणि बाकीची वसाहत मातीत असते. वर येतात ते कामकरी किडे. लाकडातला सेल्युलोज खायचा, वसाहतीला पुरवायचा आणि अंग सुकू नये म्हणून मातीच्या बंद नळीतून ये-जा करायची, हा त्यांचा दिनक्रम. म्हणून चौकटीवर वरवर फवारा मारला की वर असलेले किडे मरतात, आठ दिवस बरं वाटतं आणि महिन्याभरात नळी दुसऱ्या कोपऱ्यातून वर येते. जळकं ऑइल किंवा डिझेल लावण्याचंही तेच. ज्या पृष्ठभागाला ते लागतं तिथून वाळवी वळते, जमिनीतली वाट तशीच राहते, वर घरात आगीचा धोका.

खरा उपचार म्हणजे भिंतींच्या तळाशी, जोत्याच्या आतून आणि बाहेरून, औषध मुरलेल्या मातीचा अखंड पट्टा तयार करणं. राहत्या इमारतींसाठी याची पद्धत भारतीय मानक आयएस ६३१३ च्या भाग ३ मध्ये दिलेली आहे (भाग २ बांधकामाआधीच्या उपचाराचा). त्यातले घरमालकानं लक्षात ठेवण्याचे आकडे थोडेच:

- आत, फरशी आणि भिंत जिथे मिळतात त्या रेषेवर १२ मिलिमीटर व्यासाची भोकं, एकमेकांपासून ३० सेंटीमीटरवर. प्रत्येक भोकात माती पीत राहील तोवर, जास्तीत जास्त १ लिटर मिश्रण.
- बाहेर, जोत्याला लागून असलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यात तशीच भोकं ३० सेंटीमीटरवर आणि दर धावत्या मीटरला २.२५ लिटर.
- चौकट भिंतीला मिळते तिथे ६ मिलिमीटरची भोकं, खाली ४५ अंशांत तिरकी, साधारण १५ सेंटीमीटरवर.

घराचा हिशेब स्वतः करा

दर बहुतेक वेळा चौरस फुटावर सांगितला जातो. त्यावरून कामाचा काहीच अंदाज येत नाही, कारण औषध क्षेत्रफळात जात नाही, भिंतींच्या लांबीत जातं. म्हणून टेप घेऊन बसा.

१० बाय १२ फुटांच्या खोलीचा परिघ ४४ फूट. दाराचे ३ फूट वजा केले की ४१ फूट, म्हणजे साडेबारा मीटर. ३० सेंटीमीटरला एक भोक धरलं तर ४२ भोकं. अशा चार खोल्या असतील तर १६८. मधल्या भिंतीला दोन्ही खोल्यांतून भोकं पडतात आणि ती पडायलाच हवीत. बाहेरून घर ३० बाय ४० फूट असेल तर परिघ १४० फूट, सुमारे ४३ मीटर. म्हणजे बाहेर आणखी १४० च्या आसपास भोकं आणि ९६ लिटर मिश्रण.

आतली सगळी भोकं लिटरभर पिणार नाहीत. घट्ट भराव असेल तर अर्ध्या लिटरवर थांबतात. तसं धरलं तरी आत ८४ आणि बाहेर ९६, एकूण १८० लिटर. पाठीवरचा १६ लिटरचा पंप निदान बारा वेळा भरावा लागेल.

आता मूळ औषध किती लागेल ते पाहा. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी (एससी आणि ईसी हे पाण्यात मिसळायच्या दाट औषधाचे प्रकार) हे लिटरभर पाण्यात २.१ मिलिलिटर घालतात, म्हणजे १८० लिटरला ३७८ मिलिलिटर. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी लिटरला ५० मिलिलिटर, म्हणजे ९ लिटर. बायफेनथ्रिन २.५ टक्के ईसी लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे ३.६ लिटर. इमिडाक्लोप्रिडची १०० मिलिलिटरची एकच बाटली घेऊन कोणी अख्ख्या बंगल्याचं काम करायला आला, तर त्या बाटलीत जेमतेम ४८ लिटर मिश्रण होतं हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. मग एकतर मिश्रण पातळ होणार किंवा भोकं कोरडी राहणार.

वेळेचंही तसंच. तीनशे भोकं पाडायची, भरायची आणि बुजवायची म्हणजे दोन माणसांचा पूर्ण दिवस. दोन तासांत उरकलं तर काम झालेलं नाही.

कोणतं औषध घ्यावं

बायफेनथ्रिनपासून वाळवी दूर पळते. पट्टा अखंड असेल तर उत्तम, पण मध्ये एक फट राहिली की ती नेमकी तीच शोधते. क्लोरपायरीफॉस झटपट मारतं, स्वस्त पडतं, पण वास उग्र असतो आणि तो बंद खोलीत कित्येक दिवस राहतो. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल वाळवीला जाणवत नाहीत. ती औषधी मातीतून ये-जा करते, अंगाला लागलेलं आणि पोटात गेलेलं औषध एकमेकांना भरवताना, चाटताना पसरतं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. राहत्या घरासाठी आमचा कल या दुसऱ्या गटाकडे आहे: जुन्या घरात शंभर टक्के अखंड पट्टा करणं जवळपास अशक्य असतं आणि वासाचा त्रासही कमी.

घरातली वडीलधारी माणसं सांगतात की पूर्वी एकदा औषध मारलं की पंधरा-वीस वर्षं बघावं लागत नसे. ते खोटं नाही. आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही औषधं मातीत वर्षानुवर्षं टिकत आणि तितकीच अन्नसाखळीतही. म्हणूनच आता त्यांच्यावर बंदी आहे. ‘जुनं, जालीम औषध मिळवून देतो’ असं म्हणणाऱ्याला दारातूनच नकार द्या.

माणूस कसा निवडावा

कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालचे १९७१ चे नियम यांनुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोल करणाऱ्याकडे परवाना लागतो. त्यासाठी त्याच्याकडे कृषी किंवा रसायनशास्त्र विषयासह विज्ञानाचा पदवीधर, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञ असावा लागतो. परवान्याची प्रत मागा आणि मुदत बघा. मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडे ती बहुधा नसते.

पाहणीशिवाय फोनवर दर देणारा नको. पाहणीला आलेल्या माणसाकडे टॉर्च आणि टोचायला स्क्रू ड्रायव्हर हवा. त्यानं चौकटीचा खालचा वीतभर भाग ठोकून पाहावा (पोकळ आवाज आला की आतून पोखरलेलं), बाथरूमच्या दाराची चौकट, ओट्याखालची कपाटं, भिंतीला टेकलेल्या कपाटांची पाठ, लॉफ्ट, देव्हारा, मीटर बोर्डाची लाकडी फळी, पाइपांचा शाफ्ट. बाहेर जोत्याला टेकलेले कुंड्यांचे वाफे, रचलेली लाकडं आणि बिल्डरनं मातीत तशाच सोडलेल्या शटरिंगच्या फळ्या. कोकणातल्या जांभ्याच्या घरात चिऱ्यांच्या सांध्यांकडे विशेष लक्ष द्यावं लागतं, कारण दगड सच्छिद्र आणि सांधे जुने, मातीचे असतील तर वाळवी भिंतीच्या पोटातूनच वर जाते, बाहेर नळी दिसतच नाही.

कोटेशनमध्ये औषधाचं नाव आणि टक्केवारी, लिटरला प्रमाण, भोकांचं अंतर आणि अंदाजे संख्या, बाहेरची बाजू धरली आहे की नाही, लाकडाचा उपचार, भोकं कशानं बुजवणार आणि हमीच्या अटी, हे सगळं लेखी घ्या. ‘संपूर्ण वाळवी ट्रीटमेंट’ एवढीच ओळ असेल तर सही करू नका.

कधी करावं

पावसाळ्यात माती पाण्यानं भरलेली असते, औषध मुरत नाही आणि वाहून जातं. दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. जूनमध्ये पाखरं निघाली आणि थांबवत नसेल तर आतून तेवढ्या भागापुरता उपचार करून घ्या आणि बाहेरचं काम पाऊस सरल्यावर. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि औषध त्यांतून भलतीकडे पळतं. अशा जागी आदल्या दिवशी जोत्यालगत हलकं पाणी शिंपडा आणि औषध एकदम न सोडता दोन टप्प्यांत सोडायला सांगा.

पायाजवळ विहीर किंवा बोअर असेल तर पाहणीच्या वेळीच सांगा. त्या बाजूला जमिनीत औषध सोडू नये. बायफेनथ्रिन आणि फिप्रोनिल माशांना फार विषारी आहेत, हेही लक्षात असू द्या.

कामाच्या दिवशी

कपाटं आणि पलंग भिंतीपासून निदान दोन फूट पुढे ओढा, नाहीतर त्यांच्यामागची भोकं सुटतात आणि वाळवी तिथूनच परत येते. ओट्याखालची भांडी, धान्य, पिण्याचं पाणी बाहेर काढा. फिशटँकचा हवेचा पंप बंद करून टाकी झाका, शक्यतो हलवाच. लहान मुलं, गरोदर स्त्री, दम्याचा रुग्ण आणि पाळीव प्राणी त्या रात्री दुसरीकडे राहिलेले बरे.

पाण्याच्या आणि विजेच्या भिंतीत पुरलेल्या लाइन कुठून जातात त्याचा नकाशा किंवा बांधकामाच्या वेळचे फोटो असतील तर काढून ठेवा. सर्वांत महाग चूक इथेच होते: ड्रिल पाइपात जातं आणि वाळवीच्या खर्चाच्या कित्येक पट खर्च फरशी फोडून पाइप बदलण्यात जातो. नक्की माहीत नसेल त्या पट्ट्यात भोक सोडून द्या. बाथरूम आणि संडासाच्या आतल्या फरशीला भोक मारू देऊ नका, वॉटरप्रूफिंग फाटतं. त्या भिंतींना बाहेरच्या खोलीच्या बाजूनं भोकं मारता येतात.

सील असलेली बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. लेबलवर नाव, बॅच, मुदत आणि रंगीत त्रिकोण बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लेबलचा फोटो काढून ठेवा. काही झालंच तर डॉक्टरांना आधी तोच लागतो, कारण क्लोरपायरीफॉसच्या विषबाधेवर ॲट्रोपिन देतात, इमिडाक्लोप्रिडवर मात्र असा खास उतारा नाही. मळमळ, तोंडाला लाळ, छातीत दाटणं असं काही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि लेबल सोबत न्या. काम करणाऱ्याच्या हातात रबरी मोजे आणि तोंडाला मास्क नसेल तर काम थांबवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे जीव गेले. हे त्याच जातीचं विष आहे आणि तो माणूस दिवसभर त्यात हात घालून असतो.

आता ड्रिलकडे या, कारण सगळं काम इथे ठरतं. तळमजल्यावर फरशीखाली मसाला, त्याखाली काँक्रीट, मग रबल सोलिंग (दगडांचा थर) आणि मुरमाचा भराव असतो. भोक या सगळ्यातून पार होऊन मातीत पोचलं पाहिजे, म्हणून ड्रिलचं बिट (भोक पाडणारी सळई) निदान फूटभर लांब हवं. वीतभर बिट काँक्रीटमध्येच संपतं. पहिल्या चार-पाच भोकांजवळ स्वतः उभे राहा आणि बाहेर येणारी भुकटी बघा. आधी फरशीची पांढरट, मग सिमेंटची राखाडी आणि शेवटी बिट एकदम सैल होऊन आत गेल्यावर तांबूस किंवा तपकिरी माती. बिटच्या टोकाला मुरूम चिकटून आला की भोक पोचलं. राखाडी भुकटीवरच थांबले तर औषध काँक्रीटच्या खळग्यात साचून राहणार.

व्हिट्रिफाइड टाइल असेल तर भोक दोन टाइलच्या सांध्यात घ्यायला सांगा आणि सुरुवात ड्रिलचा हॅमर (ठोके देणं) बंद ठेवून करायला लावा. नाहीतर कोपरा उडतो.

भरताना नोझल भोकात घट्ट बसलं पाहिजे. पाव लिटर जायच्या आत औषध उसळून वर आलं तर दोन शक्यता: भोक उथळ आहे किंवा भुकटीनं बुजलंय. ते परत ड्रिल करून भरायला लावा. शेजारच्या भोकातून औषध बाहेर येत असेल तर खाली पोकळी आहे. ते भोक बोटानं किंवा बुचानं दाबून भरणं चालू ठेवायचं. एखादं भोक दोन-तीन लिटर गटागटा पीत सुटलं तर ताबडतोब थांबवा: खाली ड्रेनेजची वाट किंवा मोठी पोकळी असू शकते.

भिंतीवर खडूनं दर दहा भोकांना खूण करत गेलात तर मोजणी सोपी जाते. पंप किती वेळा भरला तेही लिहून ठेवा. भोकं लगेच बुजवू नका, औषध खाली मुरायला तासभर द्या आणि मग फरशीला जुळणारा रंग मिसळलेल्या पांढऱ्या सिमेंटनं बंद करा. लाकडातली भोकं लाकडी पुट्टीनं.

नंतरचे तीन महिने

दोन-तीन दिवस भिंतीच्या कडेनं पाण्यानं पुसू नका, मधली फरशी पुसायला हरकत नाही. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल वापरलं असेल तर पहिले दोन-तीन आठवडे वाळवी दिसत राहील. घाबरून त्यावर बाजारचा स्प्रे मारू नका. तो वाळवीला त्या वाटेवरून हाकलतो आणि औषध वसाहतीत न्यायचं काम तिथेच थांबतं. तीन आठवड्यांनी प्रत्येक नळीचा तुकडा फोडून तारीख लिहा. बुजली नाही तर बाकी नळी खरवडून काढा. सहा आठवड्यांनंतरही नवी ओली माती दिसली तर हमीतली फेरी मागा.

हमी म्हणजे बहुतेक वेळा मोफत पुन्हा उपचार, फर्निचरची भरपाई नव्हे. वर्षातून एक पाहणी हमीत बहुधा असते, पण ती मागावी लागते. ओल दुरुस्त केली नाही, जोत्याला लागून नवा वाफा केला किंवा बाहेरचा पट्टा फोडला तर हमी जाते, आणि औषधाचा पट्टाही तिथे खरंच तुटलेला असतो.

फ्लॅट असेल तर

पहिल्या मजल्यापासून वर फरशीखाली माती नाही, स्लॅब आहे. तिथे फूटभर बिट घातलं तर खालच्यांचं छत फुटेल. वाळवी वर येते ती शाफ्टमधून, पाइपांच्या कडेनं आणि भिंतींच्या भेगांतून. त्यामुळे एकट्या फ्लॅटमध्ये लाकडाचा आणि भेगांचा उपचार होतो, पण मुळावर घाव घालायचा तर सोसायटीनं तळमजला, पार्किंगचे कॉलम आणि शाफ्टचा तळ एकत्र करून घ्यावा लागतो. गळकी पाइपलाइन आधी दुरुस्त करा. सतत ओल मिळाली तर वरच्या मजल्यावरही वाळवी टिकून राहते.

आणि घरात फरशी बदलायचं ठरलं असेल तर जुनी फरशी उखडल्यावर, नवा मसाला पडण्याआधी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. त्या एका दिवशी माती उघडी असते, पाइप दिसतात आणि भिंतीच्या कडेनं चर घेऊन औषध थेट ओतता येतं. गवंड्याला दोन दिवस आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सकाळीच माल टाकून मोकळा होतो.